हेल्मेट फक्त पंपापुरतेच का दिसते? सवयी लागण्यामागचे शास्त्र

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या तारखेपासून इंदूरात हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला पेट्रोल देऊ नये, असा आदेश प्रशासनाने लागू केला. त्यानंतर जे घडले ते बातम्यांतून आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून सगळ्यांनी पाहिले. रांगेत उभे राहून शेजारच्याचे हेल्मेट मागून घ्यायचे, टाकी भरली की ते परत करायचे. ज्याच्याकडे स्वतःचे आहे त्याने ते पंपावर डोक्यावर चढवायचे आणि बाहेर पडताच पुन्हा आरशाला अडकवायचे. यावर घराघरांत एकच निदान ऐकू आले, की आपल्या लोकांना शिस्तच नाही.

हे निदान मला पटत नाही, कारण हेच लोक रोज सकाळी ओला आणि सुका कचरा वेगवेगळा करून गाडीत टाकतात आणि त्यांच्या या सवयीच्या बळावर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचे नाव सतत वर राहिले आहे. एकाच माणसाला सकाळी सातला शिस्त असते आणि दहा वाजता ऑफिसला निघताना नसते, असे म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय हा विचार स्वतःभोवतीच फिरतो. हेल्मेट का घालत नाही, तर शिस्त नाही म्हणून. शिस्त नाही हे कशावरून, तर हेल्मेट घालत नाही यावरून. वागण्याला नुसते नाव दिल्याने त्याचे कारण सापडत नाही. ते कारण शोधण्याचे काम मानसशास्त्राची एक शाखा गेली सव्वाशे वर्षे करीत आली आहे आणि तिच्या मूळ कल्पना समजायला अवघड नाहीत.

शिकणे म्हणजे नेमके काय

मानसशास्त्र ज्याला अध्ययन म्हणते ते शाळेच्या अभ्यासापुरते नाही. अनुभवामुळे वागण्यात, किंवा वागण्याच्या क्षमतेत, जो टिकाऊ बदल होतो त्याला अध्ययन म्हणतात. बाळ वर्षाचे झाले की पाऊल टाकू लागते, यात शरीराच्या वाढीचा वाटा मोठा असतो. दमलेल्या माणसाच्या हातून चुका होतात आणि झोप झाली की त्या थांबतात. या बदलांना अध्ययन म्हणत नाहीत. इंदूरच्या गजबजलेल्या राजवाडा चौकाजवळच्या घरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला मात्र पहिल्या रात्री हॉर्नच्या आवाजाने झोप लागत नाही आणि आठवडाभरात तो आवाज त्याला जाणवेनासा होतो, तेव्हा तो काहीतरी शिकलेला असतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि आपले काही न बिघडवणाऱ्या गोष्टीकडे लक्ष देणे थांबवायचे, हा शिकण्याचा सर्वांत साधा प्रकार आहे. तो इतका मूलभूत आहे की एका समुद्री गोगलगायीतही आढळतो. याच गोगलगायीच्या चेतापेशींवर काम करून स्मृतीच्या जैविक पायाचा शोध घेणाऱ्या एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

व्याख्येतल्या ‘क्षमता’ या शब्दाकडे पुढे पुन्हा यावे लागेल. माणूस शिकलेला असतो, पण ते लगेच करून दाखवतोच असे नाही, आणि बऱ्याच वादांचे मूळ येथे आहे.

पाव्हलॉव्हचे कुत्रे आणि सराफ्यातली कचोरी

इव्हान पाव्हलॉव्ह हे मुळात मानसशास्त्रज्ञ नव्हतेच. ते रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि १९०४ साली त्यांना नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्यांची लाळ मोजता यावी म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया करून ती बाहेर काढण्याची सोय केली होती. काम चालू असताना एक अडचण वारंवार येऊ लागली: अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागताच, कुत्र्यांना लाळ सुटे. दुसऱ्या कोणी ही अडचण दूर करून पचनाचे मोजमाप पुढे चालू ठेवले असते. पाव्हलॉव्ह यांनी पुढची अनेक वर्षे त्या अडचणीचाच अभ्यास केला.

प्रयोगाचा गाभा असा होता. तालयंत्राच्या ठोक्यांनी कुत्र्याला लाळ सुटत नाही आणि अन्नाने ती शिकवल्याशिवाय सुटते. ठोके ऐकवायचे आणि लगेच अन्न द्यायचे, असे अनेकदा केल्यावर नुसत्या ठोक्यांनी लाळ सुटू लागते. ज्या गोष्टीमुळे प्रतिसाद मिळतो तिला चेतक म्हणतात. आधी अर्थहीन असलेला चेतक दुसऱ्या महत्त्वाच्या चेतकाची पूर्वसूचना देऊ लागतो आणि शरीर आधीच तयारीला लागते, या प्रक्रियेला अभिजात अभिसंधान असे नाव आहे. पोह्यांवर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरताना येणाऱ्या वासाने तोंडाला पाणी सुटते ते याच मार्गाने. ज्याने जिरावण कधी चाखलेले नाही त्याला त्या वासाने विशेष काही होत नाही.

नुसते दोन गोष्टी एकत्र आल्या की जोडणी होते, असा बराच काळ समज होता. १९६८ साली रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तो सुधारला. आवाजाबरोबर विजेचा सौम्य झटका दिला, पण आवाज नसतानाही झटके तितक्याच प्रमाणात दिले, तर उंदीर आवाजाला घाबरायला शिकत नाहीत. दोन्ही गोष्टी अनेकदा एकत्र आलेल्या असतात, पण आवाजावरून झटक्याची काही वेगळी खबर मिळत नाही. म्हणजे मेंदू हिशेब ठेवतो तो माहितीचा. पुढे १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन स्रवणाऱ्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा अनपेक्षित बक्षिसाने या पेशी जोरात जाग्या होतात आणि बक्षीस अपेक्षित झाले की त्यांची ती उसळी बक्षिसाच्या क्षणावरून त्याच्या पूर्वसूचनेवर सरकते, असे दिसून आले. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जेवढी तफावत, तेवढे नवे शिकणे. हल्ली ज्याला त्याला डोपामिनच्या नावाने बोल लावले जातात; त्याचे खरे काम एवढे नेमके आणि एवढे उपयोगी आहे.

भीतीही याच वाटेने येते. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवला आणि तो हात लावू लागताच त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला. काही वेळा असे झाल्यावर तो नुसता उंदीर पाहून रडू लागला, आणि पुढे सशासारख्या केसाळ गोष्टींनाही घाबरू लागला. भीती एका गोष्टीवरून तिच्यासारख्या दुसऱ्या गोष्टींवर पसरण्याला सामान्यीकरण म्हणतात. लस टोचून घेतलेले मूल पुढे पांढरा डगला घातलेला कोणीही दिसला तरी भोकाड पसरते, ते यामुळे. अल्बर्टवरचा प्रयोग क्रूर होता आणि आज त्याला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. त्याच्या तुलनेत कमी सांगितले जाते ते मेरी कव्हर जोन्स यांचे १९२४ चे काम मला जास्त मोलाचे वाटते. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला त्यांनी आवडीचे खायला दिले आणि ते खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला; मग दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. भयगंडावर आज जे उपचार होतात त्यांतल्या बऱ्याच उपचारांचे बीज या प्रयोगात आहे.

कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीशी जोडता येते, असे मात्र नाही. १९६६ साली जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी दाखवले, की उंदीर मळमळीचा संबंध चवीशी चटकन जोडतात आणि विजेच्या झटक्याचा संबंध प्रकाश व आवाजाशी जोडतात. उलट जोड्या लावणे त्यांना फार जड जाते. शिवाय चव आणि मळमळ यांत काही तासांचे अंतर पडले तरी ही जोडणी होते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कचोरी खाल्ली, योगायोगाने त्याच रात्री तापाची साथ अंगावर आली आणि उलट्या झाल्या, तर पुढे कित्येक महिने त्या कचोरीच्या वासानेही पोटात ढवळते. कचोरीचा काही दोष नव्हता, हे बुद्धीला माहीत असते. पोटाला ते पटत नाही.

परिणामांतून शिकणे

आतापर्यंतच्या उदाहरणांत माणूस किंवा प्राणी स्वतः काही करीत नव्हता, त्याच्यावर गोष्टी घडत होत्या. आपले बहुतेक वागणे याहून वेगळे असते: आपण काहीतरी करतो आणि त्याचे काहीतरी होते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडले आणि बाहेर खाणे ठेवले. मांजर ओरबाडते, चावते, अंग घुसवते, आणि या धडपडीत कधीतरी दोरीचा फास ओढला जाऊन दार उघडते. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर सुटकेला लागणारा वेळ हळूहळू, चढउतार होत, कमी झाला. मांजराला एका क्षणी युक्ती उमगली असे दिसले नाही. ज्या हालचालीनंतर समाधान मिळाले ती पक्की होत गेली आणि बाकीच्या गळत गेल्या, असे थॉर्नडाइक यांनी म्हटले.

बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात हाच विचार काटेकोर केला. परिणामांमुळे वर्तन घडत जाण्याला साधक अभिसंधान म्हणतात, आणि ज्या परिणामामुळे त्याआधीचे वर्तन पुन्हा होण्याची शक्यता वाढते त्याला प्रबलन म्हणतात. येथे हेतूला किंमत नाही, परिणामाला आहे. आपण मुलाला ‘शाबास’ म्हटले आणि तरीही त्याचे वाचन वाढले नाही, तर ती शाबासकी प्रबलन ठरत नाही. वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलावर गुरुजी ओरडले आणि गोंधळ वाढला, तर त्यांचे ओरडणे त्या मुलासाठी प्रबलन आहे. एरवी त्याच्याकडे कोणी पाहतच नसेल, तर ते नवलही नाही.

प्रबलनाचे दोन प्रकार आहेत. धन प्रबलनात काहीतरी हवेसे मिळते. ऋण प्रबलनात काहीतरी नकोसे जाते: गोळी घेतली आणि डोकेदुखी गेली, तर पुढच्या वेळी आपण गोळीकडे लवकर वळतो. दोन्ही प्रकारांत वागणे वाढते. शिक्षेत ते घटते. पुष्कळ जण ऋण प्रबलनालाच शिक्षा समजतात, आणि या गैरसमजामुळे घरात प्रत्यक्ष काय चालले आहे ते त्यांच्या नजरेतून निसटते.

वरणभात, रडणे आणि मोबाईल

लोकमान्यनगरातल्या एखाद्या घरातले रात्रीचे जेवण डोळ्यांसमोर आणावे. तीन वर्षांचा नातू मांडीवर बसला आहे, आजीच्या हातात वरणभाताची वाटी आहे. दोन घास झाले की तो तोंड फिरवतो आणि मोबाईलकडे बोट दाखवतो. आई स्वयंपाकघरातून म्हणते, ‘‘आई, आज मोबाईल द्यायचा नाही, ठरलंय ना आपलं?’’ आजी गोष्ट सांगून पाहतात. तो कुरकुरतो, मग रडतो, मग पाय आपटतो आणि शेवटी श्वास कोंडून असा टाहो फोडतो की शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, ‘‘काय झालं हो?’’ आजी म्हणतात, ‘‘देऊन टाक गं बाई, किती रडतोय, पोटात अन्न तरी जाईल.’’ मोबाईल येतो, रडे थांबते, तोंड उघडते.

या पाच मिनिटांत दोन माणसे शिकली. नातवाला मोबाईल मिळाला, हे धन प्रबलन. आणि ते मिळाले साध्या कुरकुरीनंतर नाही, तर टाहो फोडल्यावर, त्यामुळे पक्का झाला तो टाहो. आजींच्या कानावरचा त्रास थांबला, हे ऋण प्रबलन. पुढच्या वेळी त्यांचा हात मोबाईलकडे जरा लवकर जाईल. नातू हट्टी आहे आणि आजी लाडावून ठेवतात, असे म्हणून सुटण्यासारखे हे नाही. दोघेही एकमेकांना शिकवीत आहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

आता घरच्यांनी खरोखर ठरवले की मोबाईल द्यायचा नाही, तर काय होईल? प्रबलन थांबले की वर्तन हळूहळू विरते, याला विलोपन म्हणतात. स्किनर यांच्या प्रयोगात उंदराने दांडी दाबली की यंत्रातून खाण्याचा दाणा पडे. विलोपनाचे आलेख त्यांना प्रथम मिळाले ते हे यंत्र अडकल्यामुळे, उंदीर दांडी दाबत राहिला आणि खाणे येईना तेव्हा. पण विलोपनाच्या सुरुवातीला वर्तन बऱ्याचदा आधी वाढते. लिफ्टचे बटण दाबून ती आली नाही तर आपण तेच बटण चार वेळा, जोर लावून दाबतो. तसा नातूही पहिल्या दोन-तीन रात्री आधीपेक्षा जास्त आणि जास्त वेळ रडेल. बहुतेक घरे नेमकी याच ठिकाणी हार मानतात. त्या रात्री मोबाईल दिला, तर अर्धा तास रडले की मिळते, असा धडा मुलाला मिळतो, आणि तो आधीच्या धड्यापेक्षा वाईट असतो.

विरलेले वर्तन काही दिवसांनी, किंवा मामाच्या घरी गेल्यावर, अचानक डोके वर काढते. भिंतीवर नवा रंग दिला तरी खालचा जुना रंग तेथेच असावा, तसा जुना धडा पुसला गेलेला नसतो, त्यावर नवा चढलेला असतो. हे पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांतही दिसले होते. त्यामुळे महिनाभर शहाण्यासारखे जेवणाऱ्या मुलाने एक दिवस पुन्हा टाहो फोडला, तर सगळे फुकट गेले असे समजण्याचे कारण नाही. त्या दिवशी त्याला काय मिळते, एवढे पाहावे. आणि मोबाईल काढून घेताना त्या जागी दुसरे काही देणेही गरजेचे आहे: पानात वाढलेले स्वतःच्या हाताने खाण्याची मुभा, जेवताना आजीचे पूर्ण लक्ष, आणि हे सगळे तो शांतपणे खात असताना.

कधी मिळते, कधी नाही

प्रत्येक वेळी बक्षीस मिळाले तर वर्तन लवकर लागते, पण बक्षीस थांबताच लवकर सुटतेही. कधी मिळते आणि कधी नाही, असा अनियमित क्रम असेल, तर ते वर्तन कमालीचे चिवट होते. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये या क्रमांचे सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेमके कितव्या प्रयत्नाला बक्षीस मिळेल हे सांगता येत नाही, असा क्रम सर्वांत जोमदार प्रतिसाद घडवतो. जुगार याच क्रमावर उभा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राला कायदा करून बंदी आणावी लागली, त्यामागे घरेदारे बुडाल्याच्या ज्या कहाण्या होत्या त्या मूर्ख माणसांच्या नव्हत्या. अशा क्रमापुढे कोणाचाही हात थांबणे कठीण असते. ‘आज तरी कोणी संदेश पाठवला असेल’ म्हणून दर पाच मिनिटांनी फोन उचलणे त्याच जातीचे आहे, फक्त त्यात पैसे जात नाहीत.

मग पंपावरच का?

वर्तन नुसत्या परिणामाने बांधलेले नसते. कोणत्या ठिकाणी तो परिणाम मिळतो, हेही माणूस शिकतो. त्या आदेशाच्या काळात पंपावर हेल्मेट घातले की पेट्रोल मिळे, तेही तत्काळ आणि न चुकता. पंपाबाहेर हेल्मेट घातले तर उकाडा, मानेला भार आणि ऐकू येण्यात अडचण, हेही तत्काळ आणि न चुकता. पंप ही ‘येथे हेल्मेट उपयोगाचे’ अशी खूण बनतो आणि वर्तन त्या खुणेपुरते मर्यादित राहते. नियमाने जे शिकवले ते लोक अचूक शिकले. नियमाने पेट्रोल आणि हेल्मेट यांची जोडी लावली होती. रस्ता आणि हेल्मेट यांची जोडी लावायची राहून गेली.

हेल्मेटचा खरा लाभ शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा आहे, कारण तो अनुभवाला येतच नाही. अपघात झाला नाही, तर हेल्मेटने काय दिले ते दिसत नाही. हेल्मेट न घालता हजार वेळा सुखरूप घरी पोहोचलेला माणूस हजार वेळा हेच शिकतो, की हेल्मेटवाचून अडत नाही, आणि ज्या एका वेळी हा धडा चुकीचा ठरतो त्या वेळी दुरुस्तीला वाव राहत नाही. कॅमेऱ्यावरून येणारे चलानही उशिरा येते, आणि दर वेळी येईल याची खात्री नसते.

कचऱ्याची गोष्ट याच मापाने पाहावी. गाडी दाराशी येते, ठरलेल्या वेळी येते, आणि तिचे गाणे गल्लीच्या टोकाला वाजू लागताच कोणती कृती करायची ते ठरलेले असते. मिसळलेला कचरा आणला तर टोकणारा माणूस समोर उभा असतो, शेजारीही पाहत असतात. वेगळा केलेला कचरा त्याच क्षणी घरातून जातो. खूण, कृती आणि परिणाम यांत मिनिटाचेही अंतर नाही, आणि हे रोज घडते. गाण्यामुळे आपण लगबगीने उठतो यात थोडा पाव्हलॉव्ह आहे आणि बादली घेऊन जिना उतरतो यात बराचसा स्किनर. हेल्मेटच्या बाबतीत अशी रचना करायची, तर रस्त्यावर, निघतानाच, लगेच काहीतरी घडावे लागेल. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या फाटकावर ‘हेल्मेटशिवाय बाहेर नाही’ हा नियम पंपावरच्या नियमापेक्षा जास्त काम करील, असे मला वाटते, कारण तेथून प्रवास सुरू होतो. घरातून निघताना मुलगी बाबांना हेल्मेट हातात आणून देत असेल, तर तेही कमी नाही.

शिक्षेशिवाय लोक शिकतात का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. शिक्षेचा परिणाम होतो, हे प्रयोगांतून स्पष्ट झालेले आहे. पण तो केव्हा होतो, तेही स्पष्ट आहे: ती कृतीनंतर लगेच व्हावी, दर वेळी व्हावी, आणि तेच साध्य करण्याचा दुसरा, चांगला मार्ग समोर असावा. प्रत्यक्षात आपल्या शिक्षा उशिरा होतात, कधी होतात कधी नाहीत, आणि शिक्षा करणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असतात. अशी शिक्षा, पकडले न जाण्याचे कौशल्य शिकवते. पुढच्या चौकात पोलीस उभा आहे, असे समोरून येणाऱ्याने खुणावले की दहा हेल्मेटे एकदम डोक्यावर चढतात.

शिक्षेचा दुसरा दोष असा, की काय करू नये ते ती सांगते आणि काय करावे ते सांगत नाही. तिसरा दोष पाव्हलॉव्ह यांच्या बाजूने येतो: गणित चुकले म्हणून मार खाणारे मूल चुकीला घाबरायला शिकते, त्याबरोबर गणिताला, त्या तासाला आणि त्या शिक्षकालाही घाबरायला शिकते. शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. घरातही ती थांबावी, असे मला मनापासून वाटते. आणि काहीही केले तरी मार चुकत नाही अशी स्थिती आली, तर त्याहून वाईट घडते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये दाखवले, की ज्या कुत्र्यांना आधी न टाळता येणारे झटके मिळाले होते त्यांतले बरेच, पुढे नुसती एक अडसर ओलांडून सुटका शक्य असतानाही, पडून राहिले. दर परीक्षेनंतर बोलणीच खाणारे मूल अभ्यासाची वही उघडत नाही, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा.

माणूस म्हणजे काही उंदीर नव्हे

बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द उंदीरही इतका साधा नाही. एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स होंझिक यांनी १९३० मध्ये उंदरांच्या एका गटाला दहा दिवस चक्रव्यूहात बक्षिसाविना फिरू दिले. ते भटकतच होते, चुका फारशा कमी होत नव्हत्या. अकराव्या दिवशी खाणे ठेवले आणि त्यानंतर त्यांच्या चुका एकदम घटल्या. पहिल्या दिवसापासून खाणे मिळणाऱ्या उंदरांची त्यांनी बरोबरी केली. म्हणजे वाट त्यांना आधीच माहीत झाली होती, दाखवायला कारण नव्हते. कोणी न शिकवता घरातल्या आरत्या ऐकत वाढलेले पोर गणेशोत्सवात कोणी माईक पुढे केला की सगळी कडवी न अडखळता म्हणते आणि आईवडील थक्क होतात, ते असेच.

१९६० च्या दशकात अल्बर्ट बांडुरा यांनी मुलांवर केलेले प्रयोग याच दिशेचे आहेत. मोठ्या माणसाने एका फुगवलेल्या बाहुलीला बदडताना मुलांनी पाहिले आणि मग स्वतः तसेच केले. ज्या मुलांनी त्या माणसाला याबद्दल शिक्षा होताना पाहिले, त्यांनी अनुकरण कमी केले. पण नंतर करून दाखवण्याबद्दल बक्षीस देऊ केल्यावर तीही तितकेच हुबेहूब करून दाखवू शकली. शिकली सगळीच होती. वडिलांचे हेल्मेट आरशाला लटकलेले रोज पाहणारा, मागे बसलेला मुलगा काय शिकतो आहे ते अठराव्या वर्षी त्याला लायसन्स मिळाल्यावर कळते.

भाषेच्या बाबतीत तर प्रबलनाचे स्पष्टीकरण अपुरे आहे, असा जोरदार हल्ला भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये चढवला. मूल कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. इंदूरच्या मराठी घरातले चार वर्षांचे मूल आजीशी मराठीत, दारावरच्या भाजीवाल्याशी हिंदीत आणि दोघांच्यामध्ये उभे राहून दोन्ही भाषांत नवी वाक्ये रचते, तेव्हा प्रत्येक वाक्यामागे बक्षीस शोधणे निरर्थक आहे. अभिसंधानाने सगळे समजते असा दावा आज क्वचितच कोणी करतो. सवयी, भीती, व्यसने आणि आपण एकमेकांना नकळत लावलेली वळणे समजून घ्यायला मात्र त्याचा आधार अजून भक्कम आहे.

बक्षिसाने मुले लालची होतात का?

ही शंका पालकांना पडते आणि तिचे उत्तर ‘कधीकधी’ असे आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतली अशी मुले निवडली ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. बाकीच्यांना काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती.

म्हणून ज्या मुलाला वाचायला आवडते त्याला पुस्तकामागे दहा रुपये लावू नयेत. त्याने काय वाचले ते त्याच्याकडून ऐकावे. ज्याला अक्षरे लावतानाच घाम फुटतो, ज्याला वाचनातला आनंद अजून भेटलेलाच नाही, त्याला सुरुवातीला एका पानामागे काहीतरी हवेसे मिळाले तर बिघडत नाही, कारण मोडायला तेथे आवडच नसते. ते बक्षीस छोटे असावे, पान संपताच मिळावे, आणि गोष्ट त्याला स्वतःहून पुढे ओढू लागली की हळूहळू कमी करीत न्यावे.